अंगठ्याचं माप

पाण्यात उतरण्याआधी चप्पल काढायची.
हा काही नियम नव्हे, पण पायात चप्पल दिसली
तर शिंपले कुठं आहेत ते निंगव्वा सांगायची नाही.

खानापूरच्या पुलाखाली, मलप्रभेच्या डाव्या अंगाला
गुडघाभर पाणी, खाली वाळूमिश्रित गाळ.
आधी टाचेनं विचारायचं, मग बोटांनी.
टाचेला धार लागली की थांब.
जिवंत असेल तर तो तोंड मिटून घेईल.
उघडाच राहिला तर राहू दे तिथंच,
रिकाम्या घरात कुणाला हाक मारणार.

सुट्टीच्या वारी आम्ही उद्यमबागेतनं यायचो,
नेमण्णा, मी आणि रंगाची रिकामी बादली.
पहिल्या दिवशी बादली काठोकाठ भरली.
निंगव्वानं ती उचलली, पाण्यात पालथी केली
आणि म्हणाली, साकु.
एवढं कानडी आम्हाला येत होतं.

एका घराला एका वेळच्या कालवणापुरते.
पाव्हणे आले तर पाव्हण्यांना पिठलं वाढ.
रात्रभर निवळ पाण्यात ठेव, वाळू थुंकू दे.
वळवाचा गढूळ लोंढा आला की नदीला हात लावू नको,
त्यांची पोरं तेव्हा माशांच्या गालाला धरून
वरच्या डोहाला जातात.
(हे मला खरं वाटलं नाही. नंतर कळलं, खरंच आहे.)

आणि बारका घ्यायचा नाही.
बारका म्हणजे?
तिनं उजवा अंगठा वर केला, टोकापासून बुडापर्यंत:
याहून आखूड तो बारका.
मी माझा अंगठा पुढं केला.
वरचं पेर पॉवर प्रेसखाली राहिलेलं.
ती बघत बसली, मग म्हणाली,
तुझ्या मापानं तर दोन वर्षांत नदी संपेल.
डावा आहे की, मी म्हटलं.
डाव्या हातानं नदीचं घेत नाहीत.

दोऱ्यानं तिचा अंगठा मोजून आणला.
सोमवारी जेवणाच्या सुट्टीत
भंगारातली एक बुश लेथवर लावली,
आतनं दोऱ्याएवढी मोकळी केली, कडा घासल्या.
आमच्या भाषेत, गो आणि नो-गो:
आरपार गेला तो नदीचा,
अडकला तो आपला.
सुपरवायझर म्हणाला, हा कुठल्या पार्टीचा जॉब?
म्हटलं, मलप्रभा.

पुढं कधीतरी सरकारी पाटी लागली, कानडीत.
नेमण्णानं वाचून दाखवली:
किती किलो, कुठले महिने, दंड किती.
पाटीवरनं भांडायची आमच्या भागाला सवय,
पण या पाटीशी कुणीच भांडलं नाही.
वाळूचे टिपर तिच्याच अंगावर रिव्हर्स घेत,
वर्षभरात तिचा एक पाय वाकला.

निंगव्वा आता बैलहोंगलला लेकीकडं असते.
नेमण्णाला गुडघ्यामुळं पाणी सोसत नाही.

परवा वैजूला घेऊन गेलो.
तासाभरात सात सापडले.
एकेक करून तिनं कड्यातनं सोडले,
सातही आरपार.
आता, पप्पा?
आता घरी जाऊन पिठलं.
ती हसली नाही.
कडं तिनं बांगडीसारखं मनगटात चढवलं,
अगदी बेतात बसलं,
आणि पुन्हा वाकून टाचेच्या जागी
हात घातला.