आधी कागद

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो.
एकदाच, धारूरच्या घाटात, एका म्हातारीचे दोन रुपये
तिकीट फाडायच्या आधी हातात राहिले
अन् नेमके तेव्हाच चेकर चढले.
तेव्हापासून हाताला सवय लागली:
आधी कागद, मग पैसा.

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यामागं
पेशंटच्या नातेवाइकांना भाकरी द्यायचं ठरलं,
बाकीचे सहा जण म्हणाले, आजच डबा फिरवू,
तेव्हा डब्याला झाकण मीच लावलं.
रुखसाना सिस्टर हसल्या.
हरिभाऊ वाकडे चिडले,
"उपाशी माणसाला काय नंबर दाखवायचा, मास्तर?"
उत्तर नव्हतं माझ्याकडं.
तरी झाकण काढलं नाही. पीठ घरून आणू लागलो.

बीडला चार खेपा.
केज, नेकनूर, मांजरसुंबा;
जिथं घंटी मारली त्याच रस्त्यानं
अर्ध्या तिकिटावर, मांडीवर फाईल घेऊन.
नियमावली, ठराव, सात संमतीपत्रं, लाइटबिलाची झेरॉक्स.
पहिलं नाव बसलं नाही, आधीच कुणीतरी घेतलेलं.
मग हरिभाऊंची सही
त्यांच्याच पॅन कार्डावरच्या सहीशी जुळेना.
मग साहेब मीटिंगला.
शेवटी धर्मादाय कार्यालयाच्या फळ्यावर नोटीस लागली:
कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावे.
भाकरीला कोण हरकत घेणार?
तरी दिवस मोजले.

सव्विसाव्या दिवशी प्रयागबाई आली.
नवरा सहा नंबर वॉर्डात बारा दिवस होता. तिथंच गेला.
तेरावं उरकून ती परत आलेली,
पदराच्या गाठीत शंभराची नोट, घामानं मऊ झालेली.
माझ्या हातावर ठेवली.
म्हणालो, बाई, नंबर यायचाय अजून.
पावती देता येत नाही.
"पावती कुणी मागितली?"

पैसा हातावर अन् मूठ उघडी,
असं एकतीस वर्षांत झालं नव्हतं.

तिनं नोट उचलली, गाठ मारली.
वाटलं, दुखावली. निघाली.
ती चुलीकडं गेली, परात ओढली,
"अन् थापायला? थापायला लागतो का नंबर?"

अकरा भाकरी केल्या तिनं.
संध्याकाळच्या धारूर गाडीला मीच हात केला.

आता नंबर आलाय, पावतीपुस्तकही छापून आलंय.
पहिली पावती कुणाची, यावर आमच्यात वाद आहे.
अकरा भाकरी कोणत्या रकान्यात लिहितात,
पुढच्या खेपेला साहेबांना विचारणार आहे.