इतर

वाल्दिव्हिया, दुसरा मजला. काचेपलीकडे
सहा वर्षांचा नाउएल, आई एर्सिल्या,
मध्ये लाकडी ठोकळे, बेचाळीस.
माझ्याकडे तक्ता. दर दहा सेकंदांनी एक खूण:
मारलं. ओरडला. ऐकलं नाही. ऐकलं.
आईचे रकाने वेगळे, त्यांत
गप्प राहणं हाही प्रकार धरलेला.

मनोरा त्यानं लाथेनं पाडला. खूण.
ती नदीकडे बघत राहिली. खूण.
मग तो उठला,
एक पिवळा ठोकळा तिच्या कोटाच्या खिशात
हळूच सरकवला,
आणि खिसा वरून थोपटला,
तान्ह्याला थोपटावं तसा.

याला रकाना नव्हता.
‘इतर’मध्ये टाकलं.
संध्याकाळी ठोकळे भरले: एक्केचाळीस.
साहित्याच्या वहीत लिहिलं, एक हरवला.

चार वर्षांनी दुसरी फेरी.
नाउएल आता तिच्या खांद्याला लागलेला, दारातच रेंगाळणारा.
घरात कोण कोण असतं?
वडिलांपुढची चौकट तिनं कोरी ठेवली.
सहीआधी चष्मा शोधायला खिशात हात घातला,
तर आधी तोच आला हाती,
पिवळा फक्त एका कोपऱ्यात उरलेला.

मी वही काढली,
‘हरवला’ खोडायला लागले,
आणि थांबले.
तो परत मागायचा की नाही
हे कुठल्याच सूचनेत नव्हतं.