सरवा

जिनिंगच्या फाटकाशी माझी खुर्ची,
एक पाय तारेनं बांधलेला.
रात्री दहा ते सकाळी सहा.
पौषाची थंडी, सरकीचा वास,
दारव्हा रोडनं एखादा ट्रक, मग काहीच नाही.

शास्त्र घरात होतंच. बाबांचं.
पाठीला खाकी चिकटपट्टी.
त्यात विजेची बिलं ठेवायचो,
तिथं ठेवलेली बिलं हरवत नसत.
कोणी उघडतच नसे.
रविवारी उपासनेला मीही उभा राहायचो, ओठ हलवायचो.
गीतं पाठ होती,
हाताला सही पाठ असते तशी,
वर काय लिहिलंय ते न वाचता.

एका महिन्यात बिल जास्त आलं.
जुनं शोधायला पानं चाळली
तर समासात बाबांची पेन्सिल.
बाबा चाळिसाव्या वर्षी अक्षरं शिकले,
मिशनच्या दवाखान्यात, फरशा पुसत पुसत.
एका ओळीपुढे लिहिलेलं:
‘हे मले समजलं नाही.’

बिल तसंच राहिलं.
त्या रात्री पुस्तक कामावर नेलं,
पिशवीत, भाकरीखाली.

आधी वंशावळ लागली. याचा तो, त्याचा हा,
तलाठ्याच्या फेरफारासारखी. झोप आली.
दुसऱ्या रात्री भांडलो:
चांगल्या माणसाच्या अंगावर फोड का आणलेस,
आणि पैज कसली लावलीस?
गेट-रजिस्टर उलटं धरून लिहू लागलो.
पुढून गाड्यांचे नंबर, मागून माझे प्रश्न.
पाळकसाहेबांना विचारलं नाही.
त्यांच्याकडे उत्तर तयार असतं,
मला अजून प्रश्नच नीट मांडता येत नव्हता.

मग एक ओळ आली, तीन वाजता,
कुत्रीही गप्प असतात तेव्हा.
कुणी देवाची वाट पाहतोय,
राखणदार उजाडायची पाहतो त्याहून जास्त.
मी बॅटरी विझवली.
हे लिहिणारा कधीतरी रात्रपाळीला होता.
त्याच्याही पायांना मुंग्या आल्या असतील,
त्यानंही उगवतीकडे चारदा पाहिलं असेल
आणि चारही वेळा
ते पलीकडच्या जिनिंगचे दिवे निघाले असतील.

समासात लिहावंसं वाटलं, लाज वाटली,
मग लिहिलंच: ‘हे मले समजलं.’

माघात पुढं सरकलो.
शेताच्या कडा साफ कापू नका,
गळालेलं उचलू नका, ते परक्याचं, विधवेचं.
पान उलटलं.
पुन्हा मागं आलो.

गेल्या साली पार्बता फाटकाबाहेर
ट्रकांतून गळालेला कापूस वेचत होती.
ओट्यात पावशेर असेल.
मी काठी आपटली, ओटा रिकामा करवला.
ती एवढंच म्हणाली,
‘दादा, वाऱ्यानं पाडलं ते कोणाचं असते?’
शेठनं शाबासकी दिली, वर एक टॉवेल.
तोच टॉवेल आत्ता माझ्या कानांना होता.

देव माझ्याशी बोलला असं मी म्हणणार नाही.
साक्ष द्या म्हणाले तर
उभा राहीन, आणि बहुतेक बसेन.
पण त्या रात्री मागच्या पानावर लिहिलं:
ज्याचं शेत, त्यानं कडा सोडाव्या.
ज्याची नुसती खुर्ची, त्यानं काय सोडावं?

पहाटे ती आली.
मला पाहून बाभळीपाशी थबकली.
मी टॉवेल सोडला, पुढं केला,
म्हटलं, ‘बांधाले होईन.’
तिनं घेतला नाही.
काठीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

मी तो फाटकाच्या कडीला अडकवला
आणि तिच्याकडे पाठ करून बसलो.
राखणदाराला हे जमत नाही लवकर.
कान उघडे, गार.
कापूस वेचल्याचा आवाज येत नाही,
तरी ऐकत राहिलो.

सहाला पाळी सुटली. कडीला टॉवेल नव्हता.
वाऱ्यानं नेला असेल.