दीड बोट

हिमीच्या बंदरावर बुरी मासे उतरतात
तेव्हा बर्फही उतरत असतो.
हिराकुबो पहाटेच फावडं घेऊन येतो
व्यायामशाळेच्या दारातला बर्फ ओढायला.
त्याला कुणी सांगितलेलं नाही.
नको म्हणून मात्र पुष्कळांनी सांगून पाहिलं,
मग सगळ्यांनी हात टेकले.

हात टेकणं आमच्याकडे चूक धरतात.
उतरताना टेकले, की गुण गेले.

मी त्याच्या संघातला राखीव.
अकरा वर्षं सोबत गेलो, सोबत आलो,
खडूचे ढेकूळ फोडले,
दांड्यांना मध चोळला,
बसमध्ये त्याच्या बॅगेशेजारी बसलो.
अकरा वर्षांत त्याला एकदाही ताप आला नाही.
ही तक्रार नव्हे.
पण एका परक्या शहरात, अंतिम फेरीच्या आदल्या रात्री,
भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकू यावा म्हणून
मी जागा राहिलो होतो,
एवढं कबूल करतो.

तो ठणठणीत उठला. दोन वाट्या भात खाल्ला.

आडव्या दांडीवरून त्यानं हात सोडले
तेव्हा मी खाली, गादीच्या कडेला.
लोकांना काय काय दिसलं ते पेपरात आलं आहे:
सारस, वीज, उलगडणारा पंखा.
मला दिसली त्याच्या जर्सीची काखेतली शिवण,
सकाळी मीच घाईघाईत घातलेली,
पांढरा दोरा संपला म्हणून निळ्यानं.
ती टिकली.

तो उतरला. दोन्ही पाय, एक आवाज.
आणि डावी टाच
बोटभर सरकली.
पंचांना दिसली नाही. कॅमेरा उजवीकडे होता.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे.
मिरवणूक, पोस्टाचं तिकीट,
स्टेशनात भिंतभर चेहरा, त्याच्या नाकावर घड्याळ.
मिठाईवाल्या त्सुबाकिहारानं
उलटा माणूस छापलेले मांजू काढले,
ते अजून खपतात.
आणि नियमांच्या पुस्तकात ती उडी
त्याच्या नावानं चढली.
माणसाचं नाव निघतं म्हणतात,
याचं नाव तर निघून गेलं,
त्याला न विचारता, दूरदूरच्या देशांत,
रोज कुठं ना कुठं पडतं, उठतं, पुन्हा दांडीला लोंबकळतं.

परवा आठनऊ वर्षांची एक मुलगी
कोपर चोळत दाराशी आली.
"आज हिराकुबो तीनदा चुकला,"
ती कुणालाच उद्देशून म्हणाली नाही.
तो फावड्यावर हनुवटी टेकून उभा.
"गुडघे जरा उशिरा उघड," म्हणाला.
तिनं त्याला खालीवर पाहिलं,
रबरी बूट, कानटोपी, नाकाचा थेंब.
"आजोबा, तुम्हाला येतो हिराकुबो?"

त्यानं खरोखरच विचार केला.
"यायचा," म्हणाला. "अधूनमधून."

संध्याकाळी स्टोव्हपाशी आम्ही दोघंच.
मोजे वाळत होते, त्यांचा वास.
बेचाळीस वर्षांत आम्ही त्या रात्रीबद्दल
एक अक्षर बोललो नव्हतो.
तो मोज्यांकडे बघत म्हणाला,
"ती डावी टाच. तू पाहिलीस ना?"

मी किटली उचलली, परत ठेवली.
"बोटभर," म्हणालो.

"दीड," तो म्हणाला,
आणि कप पुढे केला.