रकाना नववा: इतर

गणेशखिंडीत, विभागाच्या तिसऱ्या मजल्यावर
खिडकी उघडली की चौकातल्या पुलाचं काम कानात शिरतं,
म्हणून ती लावून घेऊन मी पुन्हा ऐकते
फाइल क्रमांक एकतीस.

मैनी पुंगाटी. वय तिला ठाऊक नाही,
मी 'अंदाजे पन्नास' लिहिलंय.
ती माडियात बोलते, लालसू ते मराठीत आणतो,
मधेच कोंबडा आरवतो, त्याला दुभाषा लागत नाही.

दोन्हीकडचे आले, ती सांगते.
वाट एकच, रात्री वेगळ्या.
दोघांनीही भात मागितला.
माझ्या नवऱ्याचं नाव ज्याने सांगितलं
तो तीन घरं सोडून राहतो.
बाजाराच्या दिवशी नदीत
माझी मोहाची टोपली तोच धरतो, पार पलीकडपर्यंत.

मग तुम्ही त्याला माफ केलंत?
(आवाज माझाच. जरा जास्तच मऊ.)

ती हसते की खोकते, कळत नाही.
'नाही,' लालसू म्हणतो, 'ती म्हणते, नाही.
पाणी छातीएवढं असतं. टोपली जड असते.'

राजोपाध्ये मॅडम चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या,
समेट गं. सरळ चौथ्या रकान्यात टाक,
सोमवारी सादरीकरण आहे.
मॅडम वाईट नाहीत. त्यांनीही उमेदीची वर्षं
दुसऱ्यांच्या अंगणात, दुसऱ्यांच्या खाटेवर बसून ऐकण्यात घालवलीत.
पण समेट लिहिलं
की पाणी घोट्यापर्यंत उतरतं,
आणि टोपलीत काय होतं ते कुणी विचारत नाही.

मी तिला नवव्या रकान्यात ठेवलं. इतर.
चाळीसपैकी एकोणीस जण आता तिथेच आहेत,
दाटीवाटीने, एसटीच्या मागच्या बाकावर बसावेत तसे.
तक्त्यात हा रकाना सगळ्यात अरुंद आखला होता.

फाइल अजून संपलेली नाही.
शेवटी मैनी काहीतरी विचारते. लालसू अडखळतो.
ती विचारतेय, म्हणतो,
तुमच्या पुण्यात असं काही झालं
तर टोपली कोण धरतं?

नियम साधा आहे:
तीन सेकंदांहून लांब शांतता कंसात नोंदवायची.
सगळ्यांच्या नोंदवल्यात मी, सेकंद मोजून,
विधवांच्या, शरण आलेल्यांच्या, एका निवृत्त हवालदाराचीसुद्धा.

ही माझी आहे.
खाली ड्रिल थांबलंय, चहाची वेळ झाली असणार.
कोंबडा पुन्हा आरवतो.
मी मागे नेऊन परत मोजते.
अकराच.