वीस आणि दहा

उद्यमनगरात, बेअरिंगच्या दुकानावर, दुसरा मजला.
पावणेसहाला शटर अर्धंच वर असतं,
वाकून आत शिरायचं.
पहिला व्यायाम तिथंच होतो.

वीस सेकंद काम, दहा सेकंद आराम.
भिंतीवरचं लाल आकड्यांचं घड्याळ
कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
मी फौंड्रीत हिशेब लिहिते, बावीस वर्षं झाली,
दहा सेकंदांत काय मावतं ते मला विचारा:
एका ओळीची बेरीज. दोन शिंका.
साहेब दिसला की स्टुलावरचे पाय खाली घेणं.
इथं दहा सेकंदांत एक श्वास मिळतो,
आणि तो आत पोचायच्या आधी
घंटा.

प्रणोती पुण्याची, चोवीस वर्षांची.
तिच्या अंगात हाडं आहेत की स्प्रिंगा, कळत नाही.
'अजून चारच, ताई!' म्हणते,
आणि चार झाले की त्याच आवाजात पुन्हा
'अजून चारच.'
पहिल्या दिवशी मी दारातून ओरडले, 'आलो की गं!'
ती बघतच राहिली. आलो? तुम्ही?
मुजावरभाभी बुटाची नाडी बांधत म्हणाल्या,
'हितं पोरी आल्या तरी आलोच म्हणतात.'

खरं तर मी सोडलं होतं ते.
हापिसात, सासरी, मुलाच्या शाळेत
मी कधीच 'आले' झाले होते.
दम लागल्यावर कसं निसटलं, कुणास ठाऊक.

मगदूम गुळाचे व्यापारी, साठी ओलांडलेले,
डावा कान तालमीत मोडलेला.
म्हणतात, 'आम्ही हजार जोर मारलेत,
पण आमच्या दमानं.
हे घड्याळाच्या दमानं मारायचं म्हंजे'
वाक्य रोज इथंच तुटतं.
दोन महिने झाले, पुढचं अजून ऐकलेलं नाही.

गुरुवारी बर्पी.
खाली पडायचं, उठायचं, उडी मारायची,
आणि हे सगळं पैसे देऊन.
सहाव्या फेरीत मी खाली गेले ती गेलेच.
गाल मॅटवर. मॅटला नव्या टायरचा वास.
समोर मगदूमांचे बूट वर जाताहेत, खाली येताहेत,
एक नाडी सुटलेली.
वाटलं, आता कुणी म्हणू नये 'जमेल तुम्हाला'.
बाकी काहीही म्हणावं.

कुणी म्हटलं नाही.
धप्पकन आवाज झाला.
भाभी शेजारी उताण्या, डोळे छताकडे, म्हणाल्या,
'बरं झालं थांबलीस.
मी तुझीच वाट बघत होतो.'

मग हसू.
आवाज न करता येणारं, पोट दुखवणारं,
जे प्रणोतीच्या कुठल्याच तक्त्यात नाही.
ती वरून ओरडतेय, घड्याळ वाजतंय,
आणि मगदूम एकटेच उड्या मारताहेत,
लालबुंद, आमच्याकडे न बघता,
तिघांच्या वाटणीच्या.

सातव्या फेरीला आम्ही उठलो.
का, ते सांगता येणार नाही.
भाभींनी मला हात दिला की मी भाभींना,
तेही.

जिना आडवा उतरायचा, खेकड्यासारखा,
कठड्याला धरून.
स्कूटरची किक तिसऱ्यांदा लागली.
गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हैस उभी,
चरवीत धार, पांढरी, वाजती.
ग्लास दोन्ही हातांनी धरला
तरी फेस थरथरतो, ओठांच्या वर लागतो.
बाळगोंडा विचारतो, 'ताप आलाय काय ताई?'
'न्हाई रे,' मी म्हणते,
'पैसे भरून आलोय.'

त्याला कळलं नाही.
म्हैस माझ्याकडे बघते, रवंथ करत.
तिचा श्वास एकसारखा चाललाय,
वीस नाही, दहा नाही.