दोन ट्रान्सॅक्सल

बाकावर दोन आहेत.
एक पावाच्या जुन्या व्हॅनमधून काढलेला,
अंगावर सहा बरगड्या, फटींत अजून पिठाचा वास
असं एवारिस्तो म्हणतो. मला फक्त ग्रीसचा येतो.
दुसरा नवाकोरा. त्याच्या किमतीत
एन्सेनादाच्या धक्क्यावर होडीचं इंजिन येतं.

"ह्याचे दात तुटत नाहीत," विकणारा म्हणाला.
एवारिस्तोने त्याच्याच दातांकडे पाहिलं.

गेल्या वर्षी सान फेलिपेच्या अलीकडे
तिसरा गिअर गेला.
घोट्यापर्यंत मऊ धूळ, बग्गी पोटावर बसलेली.
तेल गाळलं तर फडक्यात चार दात,
मी मोजले, पोराचे दुधाचे मोजतात तसे.
बॅटरी वाचवायला दिवे मालवलेले.
तो खाली पाठीवर, बोटांनीच बघत
एकेक बोल्ट सोडवत होता,
आणि मी त्याच्या तोंडात कॉफी ओतत होते
अंदाजाने.
थोडी कानात गेली.

पहाटे दुसऱ्यावरच निघालो. अडतिसावे आलो.

नवा उघडायला वेगळी हत्यारं लागतात,
ती सीमेपलीकडे मिळतात.

"बोल ना, ओबदुलिया."
मी काही बोलले नाही.
जुन्याच्या बरगड्यांमधून बोट फिरवलं,
काळंकुट्ट झालं,
ते त्याच्या नाकाशी धरलं.

"पीठच," तो म्हणाला.